शिग्राम नावाचं गाव

माझं माहेर ठाण्याचं, तलावपाळीच्या मागच्या गल्लीतलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण परवा आमच्या नातसुनेनं मला परस्पर भलतीकडची करून टाकलं.

झालं असं, की आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो होतो. उत्तनहून येणारी म्हातारी कोळीण मला बघून लांबूनच ओरडली, "काय गो शिग्रामवाली, आज बोंबील न्हाय का न्यायचे?" नातसुनेनं ते ऐकलं. बोंबील घेतले, घरी आलो, आणि थोड्या वेळानं ही गॅलरीत उभी राहून तिच्या आईला फोनवर सांगतेय, "मम्मी, आजी मूळच्या शिग्रामच्या आहेत, मला आज कळलं. नाही गं, मॅपवर दाखवत नाहीये. एकदम छोटं गाव असेल."

मी आत लसूण सोलत होते. इतकी हसले, की कवळी हातात घ्यावी लागली. पोरगी धावत आली. तिला वाटलं, मला ठसका लागला. ठसका कसला! मी हिच्याएवढी असताना हीच चूक केली होती. हिनं निदान मॅप तरी उघडून बघितला. मी तर एसटीची चौकशी करून आले होते.

तर शिग्राम हे गाव नव्हे. शिग्राम म्हणजे घोड्याची बंद गाडी. चारी बाजूंनी लाकडी भिंती, वर छप्पर, दोन्ही अंगांना दारं, दारांना पट्ट्यांच्या झडपा आणि आत समोरासमोर दोन बाकं. मोठ्या कपाटाला आडवं करून चाकं लावावीत तसं ध्यान. शीघ्र म्हणजे जलद, त्यावरून शिग्राम, असं सांगतात. पूर्वी मुंबईत आणि तिच्या आसपास पैसेवाल्यांच्या दारात ती असायची.

शब्दकोशवाले शिग्रामाला पुल्लिंगी म्हणोत नाहीतर आणखी काही, आमच्या आजेसासूबाई त्याला "ते शिग्राम" म्हणायच्या. सगळा घोटाळा त्या "ते"नं केला. त्यांनी "ती शिग्राम" म्हटलं असतं तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला असता. "ते" म्हटल्यावर मला गावच दिसलं.

मी लग्न होऊन भाईंदरजवळच्या मोरव्याला आले तेव्हा घरात आजेसासूबाई होत्या, सासू-सासरे होते आणि आमचे हे होते. आजेसासूबाईंना सगळं गाव आजी म्हणायचं, म्हणून मीही आजी म्हणू लागले. आजींचे सासरे मिठागरावर मुकादम होते. आता त्या पिढीतलं कुणीच नव्हतं, पण तिन्हीसांजेला ओट्यावर बसलं की आजी ठरल्यासारखं एक वाक्य बोलायच्या.

"मी या घरात शिग्रामातून आले हां."

आता तुम्हीच सांगा. मी ठाण्यातून आले, सासूबाई घोडबंदरातून आल्या, आजी शिग्रामातून आल्या. यात शंका घेण्यासारखं आहे काय?

शिवाय मी बी.ए. होते. त्यातही संस्कृत घेऊन. त्या वयात माझं डोकं म्हणजे नव्यानं कल्हई केलेलं भांडं, नुसतं लखलखत असायचं, आत काही शिजवलेलं नाही. आजींचं वाक्य ऐकलं आणि मी मनातल्या मनात व्युत्पत्ती लावून मोकळी झाले. श्रीग्राम, त्याचं शिरिग्राम, त्याचं शिग्राम. ग्राम म्हणजे गाव, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. लक्ष्मीचं गाव! काय सुंदर नाव, आणि या लोकांना त्याचा अर्थही माहीत नाही, म्हणून मी त्यांची कीवसुद्धा करून घेतली.

सरळ कुणाला विचारलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण विचारायची सोय नव्हती. आल्या आल्या मी सुके बोंबील डाळीसारखे रात्रभर भिजत घातले होते. तेव्हापासून मी काहीही विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "का गो, बी.ए.ला हे न्हाय शिकवलं?" त्यामुळे मी ठरवलं होतं, या घरात प्रश्न विचारायचे नाहीत. जे कळत नाही ते हुशारीनं ताडायचं.

ताडायला मदत आजींनीच केली. एकदा दुपारी त्यांच्या केसांना तेल लावताना मी सहज विषय काढला.

"आजी, शिग्राम कसं होतं हो?"

आजींचा चेहराच बदलला. "हिरवं होतं बघ. हिरवंगार. कडेनं काला पट्टा."

म्हणजे काळी जमीन. पिकाऊ.

"मोठं होतं?"

"मोठं कसलं! चार मान्सं झाली की भरलं."

चार घरांची वस्ती. अरेरे.

"आणि पाणी?"

"पानी वरून गलायचं. पावसात बसायची सोय न्हाय."

मुसळधार पाऊस. म्हणजे डोंगराकडचा भाग असणार.

"कुणाचं होतं म्हणायचं ते?"

"मिठागराच्या शेठचं. दुसऱ्या कोनाची ऐपत होती?"

अख्खं गाव शेठच्या मालकीचं! इनामी गाव! मी तेल लावता लावता थांबले. आजी मान न वळवता म्हणाल्या, "मना एकदा त्यात जायचं होतं गो परत. तेवा नीट बघायलाच न्हाय मिलालं. सासू समोर बसलेली. मान वर केली का डोले वटारायची. आता डोल्यात फूल पडाया लागलंय. दिसतंय तोवर एकदा."

एवढ्या म्हाताऱ्या बाईचा एवढासा हट्ट, आणि या घरात कुणाला त्याची पडलेली नाही! मी त्यांच्या पुढ्यात येऊन बसले.

"मी नेईन तुम्हाला, आजी."

"शिग्रामात?"

"शिग्रामातच!"

"गलाची शपथ?"

"गळ्याची शपथ."

मराठी भाषेनं माझा असा गळा कापला. शिग्रामातून आले, शिग्रामात नेईन. गाव म्हणा, गाडी म्हणा, दोन्ही चपखल बसतात. आजींना वाटलं, ही शहरातली शिकलेली पोर कुठूनतरी शिग्राम पैदा करणार. मला वाटलं, मी एका म्हातारीला तिच्या जन्मगावाची भेट घडवणार. दोघी एकमेकींचे हात धरून डोळे पुसत बसलो.

त्या रात्री मी यांना आडवळणानं विचारलं. हे वर्तमानपत्राच्या मागे होते.

"आजींचं शिग्राम आता कसं असेल हो?"

"आता कुठलं राहिलंय ते! गेलं केव्हाच."

"कशानं?"

"पाण्यानं गेलं म्हणतात."

झालं. गाव धरणात गेलं होतं. मग मला सगळंच उलगडलं. आजींचे भाचे खाडीपलीकडून, नायगावहून यायचे. मला आधी प्रश्न पडायचा, आजी शिग्रामच्या आणि भाचे नायगावचे कसे? आता कळलं. गाव बुडाल्यावर कुटुंब तिकडं सरकलं असणार. बी.ए.चं डोकं ते! त्याला एक दाणा टाका, ते पोतं भरून देतं.

मी ठरवलं, गाव बुडालं तर बुडालं, निदान पाण्याच्या काठाशी आजींना नेऊ, नारळ सोडू, ओटी भरू. कुणाला न सांगता ठाण्याला जाऊन एसटीची चौकशी केली. खिडकीतल्या माणसानं डोकंसुद्धा खाजवलं नाही. "शिग्राम ना? वाड्याला उतरा, तिथनं बैलगाडी मिळेल." रस्ता माहीत नाही असं म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय. वाण्यानं तर त्याच्याही पुढची खबर दिली. "शिग्राम? अपने मामा का ससुराल उधरही है. पानी बहुत मीठा."

बुडालेल्या गावचं पाणी गोड असणारच, असं म्हणून मी आणखी हळवी झाले.

आजींना मी फक्त वार सांगितला. सकाळी लवकर तयार राहा म्हटलं. माझी कल्पना, ही आमची दोघींची गुपचूप सहल. आजींनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी पुरीभाजीचा डबा, फिरकीचा तांब्या, नारळ आणि खण असं सगळं घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर आजी बसलेल्या. ठेवणीतलं नऊवारी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. अंगणात आळीतल्या बाया, पोरं, कडेवरची तान्हीसुद्धा. सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून.

"आलं का गो?" आजींनी विचारलं.

"काय आलं?"

"शिग्राम!"

मला वाटलं, आजी आनंदानं भांबावल्यात. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "शिग्राम कसं येईल, आजी? आपणच जायचं ना तिकडं."

"म्हंजे मी चालत जाऊ त्याच्याकडं? आनि ते काय करतंय, झोपलंय?"

बाया फिदीफिदी हसल्या. मी मास्तरणीचा आवाज काढला. "आजी, आधी एसटीनं वाड्याला. तिथून पुढं बैलगाडी. आणि मन घट्ट करा. गाव पाण्याखाली गेलंय. पण आपण काठावरून..."

"कोन्तं गाव?" सासूबाई.

"शिग्राम!"

मग सासूबाईंनी जो पदर तोंडात कोंबला तो काढेनातच. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बये, शिग्राम म्हंजे गाडी! घोड्याची! बंद गाडी!"

आणि मी, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली मी, सगळ्या आळीसमोर काय म्हणाले असेन? म्हणाले, "पण मग ग्राम कशाला लावलंय?"

अंगण कोसळलं. एक बाई तर तुळशीवृंदावनाला धरून खाली बसली. आता मी या गोष्टीवर त्यांच्याहून जास्त हसते, पण तेव्हा जमीन दुभंगावी आणि मला डब्यासकट पोटात घ्यावं असं वाटत होतं.

एकट्या आजी हसत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या नारळाकडे बघितलं. मग अंबाड्यावरचा गजरा सोडायला लागल्या. बोटं म्हातारी, गाठ सुटेना. "ऱ्हाऊ दे गो," म्हणाल्या. "तुजी काय चूक? ते कुठं मिलतंय आता."

ते बघितलं आणि मी डबा ओट्यावर आपटला. "आजी, गजरा काढायचा नाही. मी आलेच!" आणि स्टेशनच्या दिशेनं जी पळत सुटले ती थेट टांग्यांच्या अड्ड्यावर. तेव्हा भाईंदर स्टेशनबाहेर टांगे उभे असत. नवी सून पदर खोचून भर रस्त्यात पळतेय, हे मोरव्यानं त्या दिवशी प्रथमच बघितलं असेल.

एक टांगेवाला चिलीम झटकत बसला होता. मी धापा टाकत म्हटलं, "भैया, बंद गाडी है?"

तो दुखावलाच. "बंद काहे को? एकदम चालू है मेरी."

"चालू नको, बंद पाहिजे!"

"बाई, बंद गाड़ी में जाके क्या करेगी? बैठेगी?"

त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मी सरळ टांग्यात चढले आणि गाडी आमच्या दारात आणून उभी केली. अंगणातली जत्रा अजून हललेली नव्हती. मी घरात घुसले, गोधड्या आणल्या, दोऱ्या आणल्या, आणि टांग्याच्या चारी बाजूंना भिंती बांधायला घेतल्या. शिग्राम हिरवं होतं ना? मग माझा लग्नातला हिरवा शालू आडवा घातला. कडेनं काळा पट्टा पाहिजे. घरभर काळं काही सापडेना. वळणीवर सासूबाईंचा काळा परकर वाळत होता. तो उभा फाडून, माफ करा, उसवून, मी खालच्या कडेनं बांधला.

"ए बी.ए.! माजा परकर गावभर मिरवतेस?" सासूबाई ओरडल्या. पण ओरडता ओरडता त्यांनीच एक टोक धरलं आणि घट्ट गाठ मारली. "नीट बांध. सुटला ना, तर तुजा शालू नेसून फिरेन."

टांगेवाला आपल्या गाडीकडे असा बघत होता, जणू कुणी त्याच्या घोड्याला बाशिंग बांधलं असावं. "ये क्या बनाया?"

"शिग्राम," आजी म्हणाल्या आणि हात पुढे केला. आम्ही त्यांना आत चढवलं.

आजी लग्नाच्या दिवशी होडीतून खाडी ओलांडून भाईंदरच्या धक्क्यावर उतरल्या होत्या. तिथून मोरव्यापर्यंत शेठनं मुकादमाच्या सुनेसाठी आपलं शिग्राम धाडलं होतं. म्हणून आम्ही आधी धक्क्यावर गेलो आणि तिथं गाडी वळवली. आता खरी वरात. आत काळोख, गोधड्यांचा वास, उकाडा. टांग्याला समोरासमोर बाकं नसतात, म्हणून मी आजींच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड करून बसले. मी त्यांची सासू झाले होते म्हणायचं. डोळे वटारून बघितलं. आजींना असं हसू फुटलं की गाडी त्यानंच हलली असावी, कारण घोडा तर काही हलत नव्हता. शीघ्र म्हणे! एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागं टाकून गेला. त्याच्यामागून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गेली.

"तुना सांगू?" आजी कुजबुजल्या, जणू खरंच कुणी ऐकेल. "तेवा झडपेच्या फटीतून मना एवढंच दिसलं. पांढरे पांढरे ढीग. लांबवर. मना वाटलं, साखर!"

"साखर?"

"साखर! म्हटलं, बापानं काय घर बघितलं! ढिगानं साखर! दुसऱ्या दिवशी सासूला बोलले, आत्याबाई, रात्री पाऊस आला तर साखर भिजंल, झाकायला जाऊ का? ती जी हसली! सगला गाव हसला. मरस्तोवर मना साखरवाली म्हनायची."

मी हसता हसता त्यांच्या मांडीवर पडले. त्याही हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "आता उघड."

"काय उघडू?"

"झडप उघड गो! सासू गेली ना माजी?"

मी एवढ्या मेहनतीनं बांधलेली गाठ त्यांनी स्वतःच ओढली. हिरवा शालू बाजूला सरला आणि वारा आत शिरला. उन्हाळ्याचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं, पाण्यावर ऊन, आणि कडेनं मिठाचे ढीगच्या ढीग. आजींनी मान बाहेर काढली. पूर्ण बाहेर. डोळे बारीक करून त्या बघत राहिल्या. मी काही विचारलं नाही. त्या वयातसुद्धा माझ्यात कधीतरी गप्प बसण्याची अक्कल यायची.

"लय मोठं हाय गो," त्या शेवटी म्हणाल्या. "मना फटीतून एवढंसं वाटलेलं."

मग मिठागरावरच्या माणसांना त्या हात करायला लागल्या. ओळखीच्यांना, बिनओळखीच्यांना, एका बैलालाही. वाऱ्यानं काळा परकर सुटला आणि निशाणासारखा मागं फडफडत राहिला. तसेच आम्ही मोरव्यात शिरलो.

दारात सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. दोघींवरून ओवाळून टाकलं आणि वाट अडवली. "नाव घेतल्याबिगर आत न्हाय." आजींनी तोंडाचं बोळकं पसरून, लाजून, गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, पण बाकीचा उखाणा असा होता:

"हिरव्या शिग्रामाला काली किनार,
ढीग मिठाचे पांढरेफेक,
साखर समजून आले घरात,
...रावांची मी मुकादमाची लेक."

"लेक न्हाय, सून!" बाया ओरडल्या.

"यमक कोन जुलवनार, तू?" आजी म्हणाल्या आणि उंबरा ओलांडला. आत गेल्यावर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "मी मिठाला साखर म्हटली, तू गाडीला गाव. आपलं जमंल."

जमलं. आजी होत्या तोवर छान जमलं. त्या दिवसापासून मी शिग्रामवाली झाले, आणि ती बातमी मासळीच्या पाट्यांबरोबर उत्तनपर्यंत गेली. ती म्हातारी कोळीण त्या दिवशी अंगणात, मासळी घेऊन आलेल्या आईच्या कडेवर होती, असं ती सांगते. शालू मी पुढं नेसले, त्याला घोड्याचा वास कायम राहिला. परकर सासूबाईंनी मला भरून द्यायला लावला.

आता त्या मिठागरांच्या बाजूनं मी नातसुनेच्या गाडीतून जाते. टॉवर मधेमधे आडवे येतात, पण फट सापडते. मी काच खाली करायला लावते. ती म्हणते, "आजी, एसी चालू आहे." मी म्हणते, "बंद कर, आजी सांगतेय."

ही सगळी गोष्ट मी त्या पोरीला लसूण सोलता सोलता सांगितली. ती हसून हसून जमिनीवर बसली. मग उठली आणि लगेच आईला पुन्हा फोन लावला.

"मम्मी, अगं चुकलं माझं. शिग्राम गाव नाही. गाडी आहे, गाडी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नातसून फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"आजी, मम्मी विचारतेय, कुठल्या कंपनीची?"